आपल्या पोरांची ‘दुसरी भाषा’ नक्की कोणती? वर्गात थिअरी वापरणाऱ्यांनी इकडे लिहा

पहिली_दुसरी
नमस्कार मंडळी. मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी घेते. डीएडला द्वितीय भाषा संपादनाचा, म्हणजे घरच्या भाषेनंतरची भाषा कशी येते याचा चॅप्टर होता, त्यातले अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्रॅशेनचे मुद्दे पाठ केले, पेपरात लिहिले, विषय संपला. आणि शिक्षण परिषदेत कोणी ‘सेकंड लँग्वेज’ म्हटलं की सगळे इंग्रजीवरच बोलतात. पण माझ्या वर्गातलं पोरगं घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी ऐकतं, शाळेत आल्याबरोबर त्याच्या हातात बालभारतीचं मराठी पुस्तक येतं आणि 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी पण आहे. म्हणजे त्याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा, खरं तर तिसरी, आणि आपण ती ‘प्रथम भाषा’ म्हणून शिकवतो. सगळं इथेच अडतं असं माझं ठाम मत आहे. कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली भाषा, मराठीचं कुळच वेगळं, त्यामुळे ‘वर्गात बसून बसून येईल हळूहळू’ हे वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला लागू पडत असेल, माझ्या पोरांना नाही.

मी काय करते ते सांगते, मग तुम्ही सांगा. सुरुवातीचे महिने मी पोरांकडून मराठी बोलणं मागतच नाही. ‘माझ्यामागे म्हणा’ बंद. क्रॅशेनचं म्हणणं साधं आहे, भाषा येते ती समजलेल्या बोलण्यातून, आत्ता जेवढं कळतं त्याच्या एक पायरी वरचं बोलणं कानावर पडलं पाहिजे आणि ते कळलं पण पाहिजे. कळायला लावायचं कसं तर त्यासाठी मी जेम्स अ‍ॅशरची पद्धत वापरते, 1960 च्या दशकातली, शिक्षकाने सूचना द्यायची आणि मुलांनी अंगाने उत्तर द्यायचं, तोंडाने नाही. दगड उचल. दगड दाराजवळ ठेव. पळसाचं पान गंगाळात टाक. आधी मी स्वतः करून दाखवते, मग माझ्यासोबत सगळे, मग एकेकटे, आणि मग मी शब्दांची अदलाबदल करते, म्हणजे पान दाराजवळ आणि दगड गंगाळात, कारण तेव्हाच कळतं की पोरगं ऐकून करतंय का शेजारच्याचं पाहून.

पहिलीतली एक मुलगी दिवाळीपर्यंत मराठीचा एक शब्द बोलली नाही. वर्गात येणारे पाहुणे म्हणायचे हिला काही येत नाही. पण ‘लाल खडू फळ्याखाली ठेव आणि हिरवा खिशात’ म्हटलं की ती बरोबर तसंच करायची, दोन रंग, दोन जागा आणि मधला ‘आणि’ सगळं तिच्या डोक्यात पोचलेलं असायचं. एक दिवस शेजारच्या मुलाने हिरवा खडू खाली ठेवला तर ही एकदम म्हणाली, ‘खाली नाही, खिशात’. दोन्ही रूपं बरोबर. याला पुस्तकात मूक कालावधी म्हणतात, आपण त्यालाच मंदबुद्धी म्हणून मोकळे होतो याचा मला फार त्रास होतो.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे कोण कोण हे करतंय? आणि चाचणीच्या वेळी ‘प्रकट वाचन घेऊन दाखवा’ म्हणतात तेव्हा काय उत्तर देता?

कपाशी_यवतमाळ
मॅडम फार बरं झालं हा धागा काढला. माझी शाळा पांढरकवड्याच्या बाजूला, अर्धा वर्ग कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, उरलेले बंजारा तांड्यावरचे. कोलामी द्रविड कुळातली, बंजाऱ्यांच्या गोरमाटीचा तोंडवळा राजस्थानी बोल्यांचा, आणि मी दोघांसमोर वऱ्हाडी वळणाची पुस्तकी मराठी बोलणारा. एकाच बाकावर तीन भाषा.

सूचनांची पद्धत मी पण वापरतो, तिसरीपर्यंत चांगली चालते. पण नुसतं ऐकवत राहणं पुरत नाही हे ठासून सांगतो. कॅनडात इंग्रजी घरातल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे, समजलेलं बोलणं वर्षानुवर्षं, भरपूर. तिथल्याच अभ्यासक मेरिल स्वेनने 1985 मध्ये त्याबद्दल लिहिलं की मुलांना फ्रेंच समजायचं उत्तम पण बोलताना-लिहिताना व्याकरण कच्चंच राहिलं. कारण समजून घ्यायला व्याकरण पूर्ण लागत नाही, दोन-चार शब्दांवरून अंदाज लागतो. स्वतः बोलायला गेलं की मग कळतं, अरे हे मला म्हणता येत नाही. ते अडणं पाहिजे.

म्हणून चौथीत मी आठवडी बाजाराचा खेळ घेतो. विकणाऱ्याकडे भाव लिहिलेली चिठ्ठी, घेणाऱ्याकडे यादी आणि पैसे, कोणी कोणाची चिठ्ठी पाहायची नाही. पहिल्या दिवशी पोरं बोटं दाखवून काम भागवतात. मग मी मध्ये चादर बांधतो. बोट दिसत नाही म्हटल्यावर बोलावंच लागतं, ‘जाडं नाही, बारीक मीठ, अर्धा किलो, फुटलेली पुडी नको’. फुटलेली, नको, बारीक, हे शब्द मी शिकवले नव्हते, कुठून कुठून ऐकलेले गरज पडल्यावर बाहेर आले.

दर्यापूरचे_गुरुजी
मी निवृत्त झालो त्याला काही वर्षं झाली पण हे वाचून राहवलं नाही. तुमची तळमळ दिसते, कौतुक आहे. परंतु आमच्या काळी इंग्रजी पाचवीपासून होतं, वाक्यरचना एक एक करून पक्की करून घ्यायचो, ‘धिस इज अ पेन’ पूर्ण वर्ग एका सुरात म्हणायचा, आणि त्याच पोरांतले काही पुढे तहसीलदार झाले, डॉक्टर झाले. सुरात म्हणण्यानं लाजाळू पोराचं पण तोंड उघडतं, एकट्याला उभं केलं तर तो रडतो. हे तुम्ही सोडून देऊ नका.

दुसरं, चूक. तुम्ही मंडळी चूक दुरुस्त करायला घाबरता असं मला दिसतं. रोप वाकडं वाढत असलं तर कोवळं आहे तोवरच काठी बांधावी लागते. चुकीचं तोंडात बसलं की ते निघत नाही, पन्नाशीतली माणसं पाहा, तीच चूक आयुष्यभर करतात.

पहिली_दुसरी
गुरुजी नमस्कार. सुरात म्हणण्याने लाज जाते हे अगदी खरं, गाण्यात-बडबडगीतात मी ते ठेवलंच आहे. माझा आक्षेप न समजता म्हणण्यावर आहे. वर्ग एका सुरात ‘आपले गाव सुंदर आहे’ म्हणतो आणि ‘सुंदर’ म्हणजे काय ते एकालाही सांगता येत नाही, ते म्हणणं गळ्यातून आलं, डोक्यातून नाही.

चूक आयुष्यभर टिकते हा मुद्दा पण बरोबर, भाषाशास्त्रज्ञ सेलिंकरने 1972 मध्ये यावरच लिहिलंय. पण त्यानेच हे पण म्हटलं की शिकणाऱ्याची मधली भाषा ही स्वतःची एक पद्धत असते, तिला नियम असतात. आणि पिट कॉर्डर 1967 मध्येच सांगून गेला की चूक म्हणजे शिक्षकाला मिळालेली माहिती, पोरगं आत्ता कुठे पोचलंय त्याची. माझी पोरं ‘माझा आई आला’, ‘झाड पडला’ म्हणतात. कोरकूत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. आता त्या पोराने झाड नपुंसकलिंगी आणि फांदी स्त्रीलिंगी हे कशावरून ओळखायचं? त्याने एकच रूप धरलं आणि सगळीकडे लावलं. इतकं तर्काने वागणाऱ्या पोराला मी चुकला म्हणून हातावर पट्टी मारू का?

दुरुस्त करते, पण कसं ते महत्त्वाचं. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या फ्रेंच इमर्शन वर्गांतलं, म्हणजे कपाशी सरांनी सांगितलं तशा फ्रेंचमधून शिकवायच्या वर्गांतलं रेकॉर्डिंग तपासलं. शिक्षक सगळ्यात जास्त काय करत होते तर पोराचं चुकलेलं वाक्य आपणच बरोबर करून म्हणायचं, दुरुस्तीच्या निम्म्याहून जास्त वेळा हेच. आणि मुलं सगळ्यात कमी प्रतिसाद देत होती ती यालाच. पोराला वाटतं बाई हो म्हणाल्या. आपण दिवसभर तेच करतो की नाही? पोरगं म्हणतं ‘झाड पडला’, आपण म्हणतो ‘हो का, झाड पडलं?’, पोरगं म्हणतं हो आणि पळतं. त्यापेक्षा मी ‘झाड…’ म्हणून थांबते, भुवया वर करते आणि वाट पाहते. पोराला स्वतः शोधावं लागतं. सापडलं नाही तर सांगते. पण हे पहिलीच्या सुरुवातीला नाही, बोलायला लागल्यावर, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक धरून. इंग्रजीत तर काही गोष्टी उशिराच येतात, ‘ही गोज’ मधला शेवटचा ‘ज’ जगभरातल्या पोरांना उशिरा येतो, डुले आणि बर्ट यांनी 1970 च्या दशकात स्पॅनिश आणि चिनी घरातल्या मुलांत साधारण सारखाच क्रम पाहिला. ते आधी शिकवलं म्हणून आधी येत नाही.

झाडीपट्टी
साकोलीकडून लिहितो. चुकीबद्दल चाललंच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करून टाका कारण माझं मन यावर फार दुखतं. ‘मले पानी पायजे’ ही चूक नाही. ‘कावळा’ला ‘कावरा’ म्हणणं ही चूक नाही. ती झाडीबोली आहे, पोराच्या आजीची भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. कोरकू पोराचं ‘झाड पडला’ आणि आमच्या पोराचं ‘मले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिला अजून शिकतो आहे, दुसऱ्याला येतेच आहे, फक्त पुस्तकाची नाही. दोघांवर एकच लाल पेन चालवला तर दुसरा गप्प होतो. क्रॅशेन ज्याला भावनिक गाळणी म्हणतो ना, भीती वाटली, लाज वाटली की कानावर पडलेलं आत जात नाही, ते मी माझ्या वर्गात डोळ्यांनी पाहतो. मी सरळ फळ्याचे दोन भाग करतो, एकीकडे ‘घरी असं’, दुसरीकडे ‘पुस्तकात असं’. पोरंच सांगतात कोणतं वाक्य कुठं. त्यात त्यांना इतकी मजा येते की पुस्तकी रूप आपोआप लक्षात राहते.

आणि द्विभाषिक शिक्षणाचा अभ्यासक जिम कमिन्स, त्याचं कोणी काढलं नाही अजून. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी हे त्याने 1979 मध्ये मांडलं. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांची माहिती पाहून त्याने सांगितलं की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या पोरांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. आता हिशोब करा. भामरागडकडचं माडिया बोलणारं पोरगं पहिलीत आश्रमशाळेत आलं, तिसरीत मैदानावर फडाफडा मराठी बोलायला लागलं, आपण म्हटलं आली याला भाषा. मग चौथी-पाचवीत ‘बाष्पीभवन’, ‘पर्जन्य’, ‘खालील विधानांची कारणे द्या’ आलं अन् ते बसलं. आपण लगेच शिक्का मारतो, अभ्यासात कच्चा. त्याला पाणी उडून जाते हे माहीत आहे, नदीकाठी वाढलेलं पोरगं आहे ते. ‘कारणे द्या’ म्हणजे काय द्यायचं ते माहीत नाही.

बीएड_चालू
सर मी सध्या बीएड करतेय, वर्धा जिल्ह्यात इंटर्नशिप आहे, सहावी-सातवी. माझा प्रश्न इंग्रजीचा. मराठी निदान गावात ऐकू तरी येते, इंग्रजी कुठून ऐकणार? एक तासिका, त्यात हजेरी, गृहपाठ तपासणी. आणि खरं सांगते माझं स्वतःचं इंग्रजी काही फार भारी नाही. समजलेलं बोलणं भरपूर द्या म्हणतात, पण द्यायचं कोणी?

वर्धेकर
बीएडवाल्या ताई, तुमच्यासारख्याच वर्गांसाठीचा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे आणि डीएड-बीएडला त्याचं नाव एका ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं. एन. एस. प्रभू. 1979 ते 1984, बंगलोर प्रकल्प. दक्षिण भारतातल्या साध्या शाळा, मोठे वर्ग, आपल्यासारखेच शिक्षक. व्याकरणाचा पाठ्यक्रम बाजूला ठेवला आणि रोज एक कोडं दिलं, रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असलं काहीतरी. आधी शिक्षक त्याच प्रकारचं एक उदाहरण सगळ्या वर्गासोबत बोलून सोडवायचा, मग मुलांनी दुसरं स्वतः सोडवायचं. त्या आधीच्या बोलण्यातच भाषा मिळते, कारण पोराचं लक्ष उत्तरावर असतं आणि उत्तर पाहिजे तर बोललेलं समजून घ्यावंच लागतं.

मी सातवीला एसटीचं वेळापत्रक घेतो. आर्वी, पुलगाव, वर्धा, हिंगणघाट, फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं, निघायची वेळ, पोचायची वेळ. ‘रवी लिव्ह्ज आर्वी अ‍ॅट नाइन. हिज एक्झाम इन हिंगणघाट इज अ‍ॅट ट्वेल्व्ह. विच बस? कॅन ही इट लंच इन वर्धा?’ सुरुवातीला उत्तर मराठीत येते, ‘नाही सर, पाऊण तास पाहिजे’. येऊ द्या. मी तेच इंग्रजीत म्हणून पुढं जातो, ‘नो, ही नीड्स फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’. थोड्याच दिवसांत ‘नो टाइम सर’, मग ‘बस लेट सर, ही मिस एक्झाम’. व्याकरण मोडकं, विचार पक्का. आणि त्यासाठी मला फार भारी इंग्रजी लागत नाही, वेळापत्रकापुरती वाक्यं मी आदल्या रात्री काढून ठेवतो.

एक लक्षात ठेवा, प्रभूंनी गटकार्यावर भर दिला नव्हता, पोरंपोरं आपसात बोलताना एकमेकांच्याच चुका पक्क्या करतील अशी त्यांना काळजी होती. आजकाल प्रत्येक प्रशिक्षणात गट करा गट करा चाललंय म्हणून सांगितलं. कपाशी सरांचा बाजार मला तरी पटतो, पण इंग्रजीत सहावी-सातवीला शिक्षकाचं बोलणंच जास्त लागतं असा माझा अनुभव.

कपाशी_यवतमाळ
मान्य. माझ्या बाजारात मी स्वतः एक दुकान घेऊन बसतो म्हणजे निदान एका दुकानात तरी चांगली मराठी ऐकू येते.

बोंडअळी
मी मास्तर नाई, बाप आहो. तुमचं सारं वाचलं, अर्ध समजलं. तुम्ही म्हणता आधी घरची भाषा, मंग मराठी, मंग इंग्रजी. पण आमच्या गावात ज्याईच्या जोळ दोन पैसे हायेत त्याईचे पोट्टे सक्काऊनच व्हॅननं तालुक्याले इंग्लिश मीडियमले जातेत. माह्या पोराले मी गावच्याच शाळेत टाकलं, मॅडम चांगल्या हायेत म्हणून. पण रात्री झोप येत नाई. पुढं पोरगं नर्सिंगले जावो, पॉलिटेक्निकले जावो, सारं इंग्रजीत. फवारणीच्या डब्यावरचं बारीक इंग्रजी मले वाचता येत नाई, त्याले तरी आलं पायजे का नाई? मी इंग्रजी मागून राह्यलो हे चुकते काय?

झाडीपट्टी
भाऊ, तुमचं काहीच चुकत नाही. इंग्रजी पाहिजेच, अन् चांगली पाहिजे, त्यासाठीच तर एवढं बोलून राह्यलो आपण. कमिन्सचीच दुसरी गोष्ट सांगतो. एका भाषेत जे जमलं ते दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. पोरगं मराठीत गोष्ट वाचून ‘हा माणूस असा काऊन वागला असन’ याचा विचार करायला शिकलं की इंग्रजीत अक्षरं आणि शब्द नवे, विचार करणं तेच. अन् मराठीतच नीट वाचता येत नाही अन् इंग्रजीच्या स्पेलिंगा पाठ चालल्या, तर दोन्हीकडून रिकामं राहते. इंग्लिश मीडियमची गाडी पाहू नका, त्या वर्गात पोराला बोललेलं समजते काय ते पाहा. समजत नसेल तर तिथंही घोकणंच आहे, फी भरून.

वर्धेकर
भाऊ, तो फवारणीचा डबा रिकामा झाला तरी घरात ठेवू नका, पण त्याच्यासोबतचं माहितीपत्रक असते ना घडी केलेलं, ते धुतलेल्या हातानं बाजूला काढून ठेवा. त्यात तोच मजकूर दोन-तीन भाषांत राहते. पोरगं पाचवी-सहावीत गेलं की त्याच्यासोबत बसा, मराठीतलं तुम्ही वाचा, इंग्रजीतलं तो शोधन. किती पाण्यात किती औषध, किती दिवस वावरात जायचं नाही. तुम्हाला विषय माहीत, त्याला अक्षरं माहीत. मी माझ्या शाळेत हे पत्रक घेऊन पाठ केलाय, शेतकऱ्यांची पोरं एकदम जागी होतात.

दर्यापूरचे_गुरुजी
पत्रकाची कल्पना उत्तम. पण मूळ शंका राहतेच. ‘एक पायरी वरचं’ बोला म्हणता, माझ्या वर्गात साठ पोरं असायची, साठ जणांच्या साठ पायऱ्या. मोजायचं कसं?

पहिली_दुसरी
मोजता येत नाही गुरुजी, आणि क्रॅशेनवर अभ्यासकांनी घेतलेला मोठा आक्षेप पण हाच की ती पायरी तपासायची कशी ते तो सांगत नाही. मी त्याला नियम मानत नाही, दिशा मानते. वर्गात मी पोरांचे हात-पाय पाहते. सूचना दिल्यावर निम्मी पोरं थबकून दुसऱ्याकडे पाहायला लागली तर मी फार पुढे गेले, माझं वाक्य संपायच्या आधीच सगळी उठली तर आता पुढे जायची वेळ झाली. बहुवर्गात, म्हणजे दोन इयत्ता एकत्र बसतात तिथे, याचा फायदाच होतो, दुसरीवाल्यांना लांब सूचना, त्यातलाच पहिला तुकडा पहिलीवाल्यांना.

आणि घरच्या भाषेबद्दल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शक्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी, 2020 च्या धोरणात पण निदान पाचवीपर्यंत तेच. शक्य असेल तिथवर, हे शब्द आमच्या कामाचे नाहीत, त्यामुळे मी वाट पाहत नाही. अंगणवाडीतल्या मदतनीस ताई कोरकू आहेत, आठवड्यातून एक दिवस त्या गोष्ट कोरकूत सांगतात, तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी मी मराठीत, त्याच चित्रांवर बोट ठेवून. गोष्ट आधीच कळलेली असते म्हणून माझी मराठी पोरांना पेलते. मी पण शिकतेय, डा म्हणजे पाणी, उरा म्हणजे घर, माझे उच्चार ऐकून पोरं खो खो हसतात आणि मला दुरुस्त करतात. तेव्हा वर्गात दोन्ही बाजूंनी शिकणं चाललेलं असतं, आणि जी पोरं मराठीत तोंड उघडत नाहीत ती मला शिकवताना सगळ्यात पुढे असतात.

कपाशी_यवतमाळ
मॅडम चाचणीचा तुमचा पहिला प्रश्न तसाच राहिला. मी असं केलं, केंद्रप्रमुख साहेब आले तेव्हा प्रकट वाचनाच्या आधी सूचनांचा खेळ त्यांनाच घ्यायला लावला. साहेबांनी स्वतःच्या मनाने सूचना दिल्या, ‘माझी छत्री खुर्चीवर ठेव आणि डायरी घेऊन ये’, पहिलीच्या पोरानं केलं. श्रवणाची नोंद आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात करता येतेच, वर्णनात्मक नोंदीत मी नेमकी सूचनाच लिहून ठेवतो, म्हणजे तीन महिन्यांनी तुलना होते.

माझी खरी अडचण दुसरी. दिवाळी झाली की कापूस वेचणीला, नाहीतर ऊसतोडीला घरंच्या घरं जातात. पोरगं परत येतं तेव्हा पुन्हा गप्प. तुमच्याकडे पण स्थलांतर आहे, काय करता?

पहिली_दुसरी
आहे ना, खूप आहे. थांबवता येत नाही. मी दोन गोष्टी करते. गावात आजी-आजोबांकडे जी पोरं राहतात त्यांचं नाव-गाव आधीच काढून ठेवते आणि त्यांच्या मोठ्या भावंडांना सूचनांचा खेळ शिकवते, संध्याकाळी ओट्यावर घ्यायला. आणि परत आलेल्या पोरांना लगेच पुढच्या धड्यावर बसवत नाही, पुन्हा ऐकण्यावर आणते, पण ती पोरं पहिल्यापेक्षा खूप लवकर वर येतात, कारण समजलेलं आत असतं. त्यांनी बाहेर पाहिलेलं पण बोलायला घेते, कारखाना, ट्रक, बैलगाडी, हिंदीत सांगितलं तरी चालतं.

आता कोलामी-गोंडीवाल्यांना माझी विनंती. तुम्ही सूचनांचा क्रम कसा लावता ते लिहा. माझा क्रम असा आहे, एक वस्तू-एक क्रिया, मग ‘वर-खाली-आत’, मग ‘आणि’, मग ‘आधी-नंतर’. ‘नको, हे नाही ते’ मी ‘आणि’च्या सोबत आणते. ‘जर-तर’ पहिलीच्या शेवटी आणावं की दुसरीत, यावर माझं अजून ठरत नाहीये, ‘ज्याच्याकडे लाल पान आहे त्याने उभं राहा’ हे मात्र पोरांना माझ्या अंदाजापेक्षा लवकर कळतं. तुमच्याकडे कुठे अडतं ते वाक्यासकट लिहा.